साचा कधी बंद पडत नाही

सुरतेजवळ उधन्याला आमची खोली एकच होती आणि तिच्यात दोन कुटुंबं राहायची, आमचं आणि काकांचं. आप्पा दिवसपाळीला, काका रातपाळीला. त्यामुळे अंथरूण एकच पुरायचं; एक जण उठला की दुसरा त्याच उबेत पडायचा. आई आणि काकू दारातल्या ओटल्यावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. गिरणी चार दिवस बंद राहिली की दोन्ही घरांची चूल एक व्हायची, आणि त्या एका चुलीवरही ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीपलीकडे काही चढत नसे. आप्पा आणि काका दोघंही यंत्राच्या खडखडाटानं बहिरे झालेले. आमच्या घरात म्हणून कुणी हळू बोलतच नसे. 'मीठ दे' हेसुद्धा आम्ही भांडल्यासारखं म्हणायचो. मी कॉलेजात गेले तेव्हा वर्गातल्या गुजराती मुली मला म्हणायच्या, "धीमे बोल ने, अमे अहीं ज छीए." हळू बोल, आम्ही इथंच आहोत. मला हळू बोलणं जमलं नाही. अजून जमत नाही.

वस्तीतल्या बाया आईला विचारायच्या, "पोर शिकीसन काय करी?" आई कांडीवरची नजर न काढता म्हणायची, "शिकी. मंग दखू." शिकेल, मग बघू. याच्यापुढची योजना आमच्या घरात कुणाजवळ नव्हती. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले, तेव्हा त्या वस्तीतली पहिली पदवीधर मीच. आप्पांनी सर्टिफिकेट उलटं धरलं, सरळ केलं आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायला गेले. मी ओरडले, "घडी पडेल!" त्यांना ऐकू आलं नाही. घडी पडली. ती अजून आहे.

आप्पा ज्या गिरणीत माग चालवत, तिच्यातच नवीन 'माहिती खातं' निघालं होतं. रंगखात्यामागची एक लांबट खोली, चार टेबलं, कार्डांना भोकं पाडायचं एक यंत्र, आणि साहेब. मी मुलाखतीला गेले तेव्हा ते कपातल्या चहाकडे बघत बसले होते. चहावर साय धरली होती. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "सांगा. जात की अवस्था?"

मला त्यातला पहिलाच शब्द ऐकू आला. मी उठले. "जात फॉर्मवर लिहिली आहे," मी घरच्या आवाजात म्हटलं. "पुन्हा तोंडानं सांगणार नाही."

बाहेरचे पटावाळा काका, म्हणजे शिपाई, आत डोकावले. साहेब माझ्याकडे, मग कपाकडे बघायला लागले. "अहो बेन, मी चहाचं विचारतोय."

"चहाचं काय? गार झालाय. गरम करून घ्या."

"म्हणजे अवस्था!" त्यांनी टेबलावर थाप मारली. चहा सांडला. "बराबर. उद्यापासून या."

सहा महिने शिकाऊ, मग बघू, अशा बोलीवर मी लागले. मग-बघू हा आमच्या घराण्याचा जुना करारच होता.

साहेब बडोद्याचे. मराठी घराणं, पण तीन पिढ्यांत मराठीला इतकी गुजराती चिकटली होती की कुठली साल कुठल्या फळाची हे कळू नये. उंच, किडकिडे, एकटे. मनगटावर बंद पडलेलं घड्याळ बांधायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "घड्याळच आहे. सध्या बंद अवस्थेत आहे. म्हणून काय त्याला बांगडी म्हणू?" कोणतीही वस्तू, कोणताही माणूस समोर आला की त्यांचा एकच प्रश्न: ही जात की अवस्था? दूध तापलं ही अवस्था, कारण ते पुन्हा गार होतं. दही ही जात, कारण दह्याला पुन्हा दूध व्हायला कुणी शिकवलेलं नाही. नव्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो एकतर रागवायचा नाहीतर आडनाव सांगायचा. पटावाळा काका दारातच नवख्यांना समजावून सांगत, "खोटुं ना लगाडता, साहेब चा विशे पूछे छे." राग मानू नका, साहेब चहाबद्दल विचारतायत.

लोचोवाल्याशी मात्र त्यांचं हाडवैर होतं. सुरतेत लोचो सगळ्यांना माहीत: खमण करायला गेले, नीट फुगलं नाही, गिचका झाला, तर वर तेल-मसाला-कांदा घालून तोच विकला. साहेब दर शनिवारी त्या गाडीसमोर उभे राहून विचारायचे, "हे बिघडलेलं खमण आहे, की लोचो म्हणून वेगळीच जात आहे?"

"साहेब, खावुं छे के नथी खावुं?" लोचोवाला झारा उगारायचा.

"खायचंय. पण काय खातोय ते समजायला पाहिजे की नको?"

"तो भूखा रहो!"

साहेब दोन प्लेटी खायचे आणि प्रश्न पुढच्या शनिवारवर टाकायचे.

आमचं काम तसं सोपं होतं. शेडमध्ये प्रत्येक मागाचं काय चाललंय, कितीदा बंद पडला, का पडला, हे शेडचा कारकून चिठ्ठ्यांवर लिहायचा. आम्ही चिठ्ठ्यांची कार्डं पाडायचो. सोमवारी पटावाळा काका कार्डांची पेटी मांडीवर घेऊन रेल्वेनं अहमदाबादला जायचे. तिथं एका कंपनीचं मोठं यंत्र होतं, म्हणजे संगणक. त्यावर आम्हाला आठवड्यातून मोजका वेळ मिळायचा. गुरुवारी काका छापलेल्या कागदांचं बाड घेऊन परत. म्हणजे प्रोग्रॅममध्ये एक स्वल्पविराम चुकला तर तो कळायला गुरुवार उजाडायचा. म्हणून साहेबांनी एक पद्धत काढली होती. यंत्र अहमदाबादला आहे ना? मग आपणच यंत्र व्हायचं.

खोलीत तीन खुर्च्या मांडायच्या. एकीवर चिठ्ठी 'चालू', दुसरीवर 'बंद', तिसरीवर 'दुरुस्ती'. पटावाळा काका म्हणजे संचा. सुरतेत मागाला संचो म्हणतात, त्याचं साहेबांनी केलेलं मराठी. मी एकेक कार्ड वाचायची, आणि साहेब हातात प्रोग्रॅम धरून काकांना हलवायचे.

"ताणा तुटला," मी वाचायची; ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे.

काका 'चालू'वरून उठून 'बंद'वर बसायचे. जरा वेळानं विचारायचे, "साहेब, हुं बंध छुं के चालु?"

"बंद."

"तो चा पीवा जाऊं?"

"जॉबरचं कार्ड आल्याशिवाय बंद संचा हलत नाही." जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री.

एकदा साडेपाच वाजले, घरी जायची वेळ झाली, आणि काका 'बंद'वरच अडकलेले. जॉबरच्या कार्डाचा पत्ता नाही. काका हळूच उठून 'चालू'वर जाऊन बसले. साहेब इतके चिडले की मी त्यांना तसं चिडलेलं पुन्हा कधी पाहिलं नाही. "कुणी सांगितलं तुम्हाला उठायला? कार्ड कुठाय? मधली खुर्ची टाळून उडी मारता? मग खुर्च्या कशाला मांडल्यात, लग्न आहे?"

काका म्हणाले, "साहेब, मारी बस जशे."

"संच्याला बस नसते!"

हे सगळं वेड त्यांनी बाहेरून आणलं होतं. तरुणपणी दोन वर्षं ते कुठल्याशा बर्फाळ देशात शिकायला होते. तिथं त्यांना एका नव्या संगणकभाषेच्या पुस्तिकेची सायक्लोस्टाइल केलेली प्रत मिळाली, ती त्यांनी गीतेसारखी कापडात बांधून ठेवली होती. आमच्या वाट्याला अहमदाबादच्या यंत्रावरचं जुनं फोर्ट्रानच होतं, पण साहेब विचार त्या बर्फाळ भाषेत करायचे. तिच्यात म्हणे 'क्लास' नावाची चीज होती. त्याचं मराठी ते 'वर्ग' करत नसत. "वर्ग म्हटलं की मला बाकं दिसतात." त्यांनी आपला वेगळा शब्द ठरवला होता, आणि तो माझ्या मुळावर आला.

एका सोमवारी मला पहिला पूर्ण प्रोग्रॅम लिहायला मिळाला. गाडीची वेळ झालेली, साहेब पेटीला सुतळी बांधतायत, आणि दातात सुतळी धरून मला सांगतायत: "हे बघा. साचा एकच ठेवा. साच्यात अवस्थेचं घर करा. मग संचे त्यातून निघतील. आणि ध्यानात ठेवा, साचा कधी बंद पडत नाही."

हे शेवटचं ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या उधन्यात, आमच्या घरात, आप्पांच्या तोंडी, साचा म्हणजे माग. आप्पा साचा चालवत. घरचे काकाही साचा चालवत. साहेब त्यालाच सुरती वळणानं संचा म्हणतात, एवढंच मला वाटत होतं: एकच वस्तू, एक नाव आपलं, एक त्यांचं. साचा कधी बंद पडत नाही म्हणे! ऑफिसात पंख्याखाली बसणाऱ्याला काय, एक दिवस शेडमध्ये उभा राहा म्हणावं. 'एकच ठेवा' म्हणजे काय हे विचारायचं ओठावर आलं होतं. पण मी गणिताची बी.एस्सी. असं विचारलं तर म्हणतील, संचेवाल्याची पोर, काय कळणार. मी नाही विचारलं. सांगितल्याप्रमाणे एक साचा ठेवला, त्याच्या अवस्थेचं एक घर ठेवलं.

पुढच्या सोमवारच्या पेटीआधी मीच पटावाळा काकांना खुर्च्यांवर हलवून तपासलं, तेव्हा बरोबर चाललं. का नाही चालणार? आमच्याकडे काका एकच होते.

गुरुवारी बाड आलं. साहेब त्या दिवशी बडोद्याला गेलेले, म्हणून काकांनी ते परस्पर मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. दहा मिनिटांत मॅनेजरसाहेब जिन्यावरून पळत खाली आले. मी गिरणीत पळणारा मॅनेजर त्याआधी पाहिला नव्हता. "बध्धा संचा बंध? हडताळ?" ते शेडकडे धावले, मागून हेडजॉबर, मागून दोन वॉचमन, मागून कसलीही कल्पना नसताना कॅन्टीनवाला. वॉचमननं सवयीनं फाटक लावून घेतलं. फाटक लागलेलं बघून शेडमधल्या लोकांना वाटलं, मालकानंच गिरणी बंद केली. ते माग सोडून बाहेर आले. अशा रीतीनं सगळे संचे खरंच बंद पडले.

कागदावर पहिल्या मागापासून शेवटच्या मागापर्यंत प्रत्येकापुढे एकच ओळ होती: बंद, ताणा तुटला. पेटीतलं शेवटचं कार्ड कुठल्यातरी एका मागाचा ताणा तुटल्याचं होतं. मी सगळ्यांना मिळून अवस्थेचं घर एकच दिलं होतं. त्यात शेवटी जे पडलं ते सगळ्यांचं झालं. एकाचा धागा तुटला आणि माझ्या प्रोग्रॅमनं अख्खी शेड झोपवली.

शुक्रवारी मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. माझ्यासमोरच साहेबांना म्हणाले, "संचावाळानी छोकरी छे. कार्ड पाडवा सुधी ठीक छे." संचेवाल्याची पोर, कार्डं पाडण्यापुरती ठीक. पुढचं बाड चुकलं तर हिची कायमची बदली भोकं पाडायच्या यंत्रावर, आणि प्रोग्रॅमरची जागा दुसऱ्याला. खाली आल्यावर साहेबांनी माझा प्रोग्रॅम मागितला, वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "मी सांगितलं साचा एकच. तुम्ही संचाच एक केला. असं का?"

मी सांगितलं. साचा आणि संचा माझ्या लेखी एकच. रडू येत होतं, पण आवाज घरचाच निघाला. पटावाळा काकांनी दार लावून घेतलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो बेन, गणपतीचा साचा असतो ना? मातीचे गणपती पाडतात त्यातून? तो साचा! तोच आपला 'क्लास'!" ते उठून खोलीत फिरायला लागले. "साचा एक, गणपती शंभर. एका गणपतीची सोंड मोडली तर शेजारच्याची मोडते का? प्रत्येकाची सोंड ज्याची त्याला! आणि साच्याला सोंड नसतेच, सोंडेची जागा असते नुसती. म्हणून म्हटलं, साचा कधी बंद पडत नाही." मग एकदम थांबले. "पण तुम्ही मला का नाही विचारलं?"

मी म्हटलं, "तुम्ही मला का नाही विचारलं, तुमच्या घरी मागाला काय म्हणतात?"

त्यांनी बंद घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमच्या घरी कधी येऊ?"

आणि खरंच आले. रविवारी सकाळी सायकलवरून उधन्याला. वस्तीत ऑफिसचा साहेब आला म्हणून काकूनं कांड्यांची टोपली लपवली, कशाला ते तिलाच ठाऊक. साहेब ओटल्यावर मांडी घालून बसले आणि आप्पांना विचारलं, "संचा बंद आहे असं तुम्ही कधी म्हणता?"

आप्पांना ऐकू आलं नाही. मी त्यांच्या कानाशी ओरडले. आप्पा हसले. मग त्यांनी हातानं सांगायला सुरुवात केली, कारण शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, तिथं सगळे हातानंच बोलतात. पोटावर हात फिरवला.

"उपाशी शे," आप्पा म्हणाले. "कांडी नई. तो बंद नई शे, उपाशी शे."

मग कपाळाला मनगट लावलं. "आजारी. हाऊ जॉबरनं काम."

मग दोन्ही हातांनी पुढे मोठं पोट दाखवलं आणि आईकडे बघून लाजले. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाळंतीण." ताण्याचा नवा बीम, म्हणजे गुंडाळीचा रूळ, चढवतात, जुन्या ताण्याचं एकेक टोक नव्याला सांधतात, तेव्हा तो साचा बाळंतीण. सांधणी पुरी होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. शेडमध्ये हा शब्द सगळ्यांना माहीत होता. आमच्या कार्डांवर मात्र या तिन्हींचं नाव एकच होतं: बंद.

साहेबांच्या डोळ्यांत ती शनिवारची चमक आली. आता ते काय विचारणार हे मला कळलं आणि मी त्यांना थांबवणार तोच त्यांनी थेट आईलाच विचारलं, "वहिनी, बाळंतीण ही जात की अवस्था?"

मी डोळे मिटले. पण आईला तो प्रश्न मुळीच विचित्र वाटला नाही. ती म्हणाली, "बाई तीच ऱ्हास. फक्त तिले काय सांगानं अन् काय नई, ते बदलस."

बाई तीच राहते. तिला काय सांगायचं आणि काय नाही, तेवढं बदलतं.

साहेब उठून उभेच राहिले. ओटल्याच्या पत्र्याला डोकं आपटलं, त्याचंही भान नाही. "पाणी आण म्हणून सांगायचं नाही!" ते मला म्हणाले. "पाणी आण हे वाक्यच तिच्या पानावर नाही! मी इतकी वर्षं दोन्हीतलं एक शोधत होतो. संचा तोच, त्याचा नंबर तोच, त्याची जात तीच. पण त्याच्या आत जी अवस्था बसलीय ना, तिलाही स्वतःची जात आहे! उपाशीपणाची एक जात, बाळंतपणाची एक. प्रत्येकीला कुठलं सांगणं कळतं, ते तिचं तिनं ठरवायचं. जे तिला सांगताच येत नाही, ते सांगायची सोयच ठेवायची नाही. समज्या?"

आईनं त्यांना कळण्याची भाकर दिली. भाकर खाऊन ते एका पायात स्वतःची आणि एका पायात आप्पांची चप्पल घालून निघून गेले. आप्पा म्हणाले, "साहेब याडा शे." मग थोड्या वेळानं म्हणाले, "चांगला शे."

पुढच्या आठवड्यात मी प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. प्रत्येक मागाला त्याचं स्वतःचं घर. आणि प्रत्येक अवस्थेचं वेगळं पान: चालू, तुटलेला, उपाशी, आजारी, बाळंतीण. त्या पानावर त्या अवस्थेत कुठली कार्डं ऐकायची आणि ऐकल्यावर कुठल्या पानावर जायचं, एवढंच. पानावर नसलेलं कार्ड आलं तर ते घ्यायचं नाही, शेवटी 'नाकारलेली कार्डं' म्हणून छापायचं. कार्डांवर काय लिहायचं तेही बदललं. शेडच्या कारकुनाला आप्पांचे शब्द शिकवले. त्यानं नाक मुरडलं. बाळंतीण लिहायला त्याला लाज वाटायची, तो 'बा.' लिहायचा.

या खेपेला खुर्च्या पाच मांडल्या, आणि साहेब म्हणाले, एक काका पुरायचे नाहीत. त्यांनी कॅन्टीनवाल्याला, दोन्ही वॉचमनना आणि स्वतःला संचा केलं. मी कार्डं वाचत होते आणि पाच मोठी माणसं एका खोलीत खुर्च्या बदलत धडपडत होती. एका वॉचमनचा ताणा तुटला, तेव्हा मी श्वास रोखून बाकीच्यांकडे बघितलं. कुणी हललं नाही. ज्याची सोंड त्यालाच मोडली होती. काका मात्र 'बाळंतीण'वर बसायला तयार होईनात. "साहेब, आ उंमरे?" या वयात? शेवटी त्या खुर्चीवर साहेब स्वतः बसले आणि मला म्हणाले, "वाचा, चालू करा म्हणून वाचा. बघू मी हलतो का." मी वाचलं. ते हलले नाहीत. मी तीनदा वाचलं. "ऐकूच येत नाही," ते खुशीत म्हणाले.

गुरुवारी बाड आलं. मॅनेजरसाहेब स्वतः खाली येऊन थांबले होते. त्यांनी पानं उलटली. चालू, चालू, उपाशी, चालू, आजारी. ज्याचं त्याला. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

नाकारलेली कार्डं, एक. संचा सतरा. अवस्था: बाळंतीण. आलेलं कार्ड: चालू.

"जुओ," मॅनेजरसाहेब म्हणाले. "फरी भूल." पुन्हा चूक. कारकुनानं चालू लिहिलंय, विणलेल्या कापडाचे मीटरही लिहिलेत, आणि तुमचं यंत्र म्हणतं बाळंतीण. त्यांनी कारकुनाला बोलावलं. कारकून म्हणाला, सतरा नंबर मस्त चाललाय साहेब, आठवडाभर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. भोकं पाडायचं यंत्र कोपऱ्यात बसलं होतं; त्या दिवशी ते मला फार जवळ वाटलं.

मी म्हटलं, "सांधणी पुरी झाल्याचं कार्ड आलेलं नाही. त्याच्याशिवाय तो चालू होऊच शकत नाही. माझं चुकलं असेल तर शेडमध्ये जाऊन बघा." घरच्याच आवाजात म्हटलं.

गेलो. सतरा नंबर आप्पांच्या ओळीतच होता, तिसरा. खडखडाटात कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. आप्पांनी आम्हाला लांबून पाहिलं, मॅनेजरसाहेबांचं बोट सतरा नंबरकडे बघितलं, आणि तिथूनच दोन्ही हातांनी पुढे मोठं पोट दाखवलं.

सतरा नंबरवर नवा बीम चढवलेला होता. ताण्याची टोकं अर्धी सांधलेली, अर्धी लोंबतायत. सांधणीवाला गावी गेला होता आणि कुणाला त्याची आठवण राहिली नव्हती. बीमच्या दांड्यापासून फणीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. आठवडाभरात त्या मागावर विणलं गेलं ते तेवढंच. बीम चढला त्या दिवशी एकदा 'बा.' लिहिल्यावर कारकून टेबलावर बसूनच त्या ओळीपुढे 'चालू' लिहून टाकायचा, हे तेव्हा उघड झालं. मॅनेजरसाहेबांनी जाळ्याला बोट लावलं, बोटाकडे बघितलं, कारकुनाकडे बघितलं. तिथं बोलून उपयोग नव्हता.

वर ऑफिसात आल्यावर ते साहेबांना म्हणाले, ठीक आहे, एकदा लोचो झाला होता, आता सुधारलं. साहेबांनी लोचो हा शब्द ऐकला मात्र. "साहेब, लोचो बिघडलेलं खमण म्हणून पहिल्याच दिवशी फेकून दिला असता तर तुम्ही दर रविवारी काय खाल्लं असतं?" मॅनेजरसाहेब दर रविवारी लोचो खातात ही गोष्ट साहेबांना त्याच गाडीवर कळली होती. मग साहेबांनी माझा शिकाऊचा कागद पुढे सरकवला. "एवढंच सांगा. शिकाऊ, ही जात की अवस्था? आणि संचेवाल्याची पोर, ही?"

मॅनेजरसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "अवस्था, भाई, अवस्था! लावो, सही करूं." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. साहेब ते मागायला तोंड उघडत होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्याचं उत्तर मला माझं माहीत होतं. ती माझी जात आहे, ती बदलत नाही आणि मला बदलायचीही नाही.

साहेबांनी पुढे बडोद्याला बदली करून घेतली. जाताना ती कापडात बांधलेली प्रत मला दिली, आणि आप्पांची एक चप्पल परत केली. स्वतःची मागितली नाही. ती आमच्या ओटल्यावर पुष्कळ दिवस होती, पावसात कडक होत आणि उन्हात वाकडी होत. आप्पा तिला फेकू देत नसत.

सही झाली त्या गुरुवारी मी गिरणीत प्रोग्रॅमर म्हणून कायम झाले. संध्याकाळी आप्पांना कागद दाखवला. त्यांनी तो या वेळी सरळ धरला, आणि मी ओरडायच्या आत घडी करून आतल्या खिशात ठेवला. मी त्या खात्यात तेवीस वर्षं काम केलं, आणि शेवटची नऊ वर्षं ते खातं माझ्याकडे होतं.